मात्सुसाकातील याकिनिकू: जाण्यापूर्वी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मात्सुसाका हे जपानच्या मिए प्रांतातील मध्यम आकाराचे शहर आहे. ते नागोया आणि ओसाका या दोन्ही महानगरांपासून दूर, इसेच्या देवस्थानाकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर वसले आहे. जपानमध्ये राहणारे किंवा तेथे फिरायला येणारे मराठी लोक या गावी जेवायला जाण्याआधी जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. स्वतः गोमांस न खाणारे, पण तसे खाणाऱ्यांच्या सोबतीने जाणारे अनेक जण असतात, म्हणून त्यांच्या प्रश्नांना मुद्दाम अधिक जागा दिली आहे.

याकिनिकू म्हणजे नेमके काय?

‘याकि’ म्हणजे भाजलेले आणि ‘निकू’ म्हणजे मांस. मांसाचे पातळ काप ताटलीत कच्चेच समोर येतात, मेजाच्या मधोमध कोळशाची किंवा गॅसची शेगडी असते, तिच्यावर जाळी असते आणि प्रत्येक जण आपल्याला हवा तो काप स्वतः भाजून, सोबतच्या ‘तारे’ नावाच्या सॉसमध्ये बुडवून खातो. स्वयंपाक्याचे खरे कसब त्याच्या सुरीत असते. कोणत्या भागाचा काप किती जाड ठेवायचा आणि तो धाग्याच्या कोणत्या दिशेने कापायचा, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

हा पदार्थ फार प्राचीन जपानी आहे, असा समज आढळतो, पण तो बरोबर नाही. सम्राट तेन्मु यांनी इ. स. 675 मध्ये गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसावर वर्षातील काही महिन्यांसाठी बंदी घातली होती, आणि पुढे बौद्ध विचारांच्या प्रभावाखाली मांसाहाराबद्दलचा संकोच शतकानुशतके टिकून राहिला. 1872 मध्ये सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले, तेव्हा तो संकोच अधिकृतरीत्या मोडला. आज आपण ज्या रूपात याकिनिकू पाहतो, ते मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील कोरियन वंशाच्या लोकांनी घडवले. त्या टंचाईच्या काळात त्यांनी आतडी, वजडी असे इतरांनी बाजूला टाकलेले भाग स्वच्छ करून, मसाल्यात मुरवून भाजायला सुरुवात केली. ‘कारुबी’ हे बरगडीच्या मांसाचे नाव कोरियन भाषेतून आले आहे, आणि किमची (आंबवलेली तिखट कोबी) व नामुल (तेल-मसाला लावलेल्या वाफवलेल्या भाज्या) हे पदार्थही याकिनिकूच्या मेजावर त्याच वाटेने पोहोचले. या लोकांचे ऋण जेवताना लक्षात असावे, असे मला मनापासून वाटते.

टोक्यो-ओसाकात इतकी याकिनिकूची दुकाने असताना मात्सुसाकापर्यंत का जायचे?

बहुतेक लोक येथील जगप्रसिद्ध गोमांसासाठी जातात आणि ते कारण पुरेसे आहे. तथापि माझ्या मते येथे जाण्याचे याहून भक्कम कारण म्हणजे गावाची स्वतःची चव. महानगरांतील दुकानांत सॉस बहुधा सोया सॉसवर आधारलेला असतो. मात्सुसाकात मात्र मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचा, दाट तांबूस-काळा सॉस वापरण्याची जुनी पद्धत आहे. निखाऱ्यावर पडलेला मिसो किंचित करपतो आणि त्याचा जो खमंग वास सुटतो, तो ओसाकातील सोया सॉसच्या वासापेक्षा अगदी वेगळा असतो. आतड्यांसारख्या उग्र चवीच्या भागांना तर हा सॉस फारच शोभतो. दुसरी गोष्ट म्हणजे याच गावात कोंबडीच्या याकिनिकूचीही स्वतंत्र परंपरा आहे. तिच्याबद्दल पुढे लिहिले आहे.

‘मात्सुसाका गोमांस’ कशाला म्हणतात?

हे मांस ‘कुरोगे वाश्यू’ या काळ्या केसांच्या जपानी जातीच्या, एकदाही न व्यालेल्या कालवडीचे असावे लागते. बैलाचे किंवा खच्ची केलेल्या गोऱ्ह्याचे मांस या नावाने विकता येत नाही. ती कालवड मात्सुसाका आणि आसपासच्या ठरवून दिलेल्या क्षेत्रात वाढवलेली असावी आणि 2002 मध्ये सुरू झालेल्या नोंदणी व्यवस्थेत तिची नोंद असावी, अशाही अटी आहेत. यातच ‘तोकुसान’ म्हणजे विशेष उत्पादन हा आणखी काटेकोर वर्ग आहे. त्यासाठी ह्योगो प्रांतातून आणलेले वासरू 900 दिवसांहून अधिक काळ येथे सांभाळलेले असावे लागते. या वर्गाला 2017 मध्ये जपानचे भौगोलिक मानांकन मिळाले. या मांसातील चरबी तोंडात ठेवताच विरघळू लागते, आणि दीर्घकाळ सावकाश केलेल्या संगोपनाचा तो परिणाम मानला जातो.

नावाचा उच्चार ‘मात्सुसाका’ असाच करावा. ‘मात्सुझाका’ हा उच्चार बाहेर सर्वत्र ऐकू येतो, पण शहराचे अधिकृत नाव तसे नाही.

समोर आलेले मांस खरोखर तेच आहे, हे कसे ओळखायचे?

मेजावरच्या किंवा भिंतीवरच्या फलकावर दहा अंकी क्रमांक शोधा. जपानमध्ये 2001 मध्ये गाईंच्या मेंदूच्या घातक आजाराचा पहिला रुग्णपशू सापडला आणि लोकांचा गोमांसावरचा विश्वास उडाला. त्यानंतर देशातील प्रत्येक गाय-बैलाला दहा अंकी ओळख क्रमांक देण्याचा कायदा 2003 मध्ये झाला. मांसविक्रीच्या टप्प्यावर तो डिसेंबर 2004 पासून लागू आहे आणि याकिनिकू, सुकियाकी व शाबुशाबू (मेजावरच्या भांड्यात मांसाचे काप शिजवून खाण्याचे दोन प्रकार) आणि स्टेक देणाऱ्या उपाहारगृहांनाही हा क्रमांक दाखवणे त्याने बंधनकारक केले आहे. हा क्रमांक सरकारी पशुपैदास केंद्राच्या संकेतस्थळावर घातला, की जनावराची जन्मतारीख, लिंग, जात आणि ते कोणकोणत्या प्रांतांत वाढले, याची माहिती मोबाइलवर लगेच मिळते. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा जेवणाकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली, कारण समोरच्या ताटलीमागे एका जिवाचा जन्म आणि प्रवास उभा राहिला.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जीभ, आतडी, वजडी आणि इतर अंतर्गत अवयव या क्रमांकाच्या नियमात बसत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी क्रमांक दिसला नाही तर दुकानदारावर संशय घेऊ नये.

‘ए-5’ लिहिलेलेच मांस मागवावे का?

माझे उत्तर, निदान प्रत्येक ताटलीसाठी तरी, नाही असे आहे. या श्रेणीतील अक्षर हे शरीराच्या एकूण वजनातून किती मांस मिळते याचे माप आहे, म्हणजे ते व्यापाऱ्याच्या उपयोगाचे आहे आणि जेवणाऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. 1 ते 5 हा अंक मांसातील चरबीची जाळी, मांसाचा रंग, घट्टपणा आणि चरबीचा दर्जा यांवरून ठरतो. चरबीच्या जाळीचे वेगळे माप 1 ते 12 असे असते आणि त्यात 8 किंवा त्याहून वर असलेलेच मांस पाचव्या श्रेणीत जाऊ शकते. ही श्रेणी चव थेट मोजत नाही. इतक्या स्निग्ध मांसाचे तीन-चार काप अप्रतिम लागतात, पण आठव्या कापानंतर जिभेला जडपणा येतो आणि पैसे देऊनही आनंद उरत नाही. म्हणून चौघांत एक उत्तम ताटली मागवावी आणि बाकी ‘आकामी’, म्हणजे कमी चरबीचे लाल मांस, आणि मिसोत मुरवलेली आतडी घ्यावीत. मात्सुसाकाचे स्थानिक लोकही आवडीने आतडी खातात.

मी गोमांस खात नाही. तरीही माझ्यासाठी तेथे काही आहे का?

आहे, आणि तो केवळ नाइलाजाचा पर्याय नाही. मात्सुसाकाच्या परिसरात कुक्कुटपालन पूर्वीपासून मोठ्या प्रमाणावर होते. अंडी देणे थांबलेल्या कोंबड्यांचे मांस मिसोच्या सॉसमध्ये घोळवून जाळीवर भाजण्याची रीत त्यातून रुजली, आणि आज या गावात फक्त कोंबडीचेच याकिनिकू देणारी दुकाने आहेत. तेथे ‘वाका’ म्हणजे कोवळी कोंबडी आणि ‘हिने’ म्हणजे जून कोंबडी असे दोन मुख्य प्रकार मिळतात. गावठी जून कोंबडीचा रस्सा ज्यांना प्रिय आहे, त्यांना हिनेचा चिवटपणा आणि चावता चावता वाढत जाणारी चव ओळखीची वाटेल. ज्यांना दातांना त्रास नको आहे, त्यांनी वाका घ्यावी. कातडी, काळीज आणि पथरी हेही भाग बहुधा मिळतात.

सोबत्यांना गोमांस खायचे असेल, तर एका जेवणासाठी एक प्रकारचे दुकान आणि दुसऱ्या जेवणासाठी दुसरे, अशी विभागणी करणे मला सर्वांत सन्मानाचे वाटते. गोमांसाच्या दुकानातही कोंबडी, डुकराचे मांस किंवा कोळंबी-माकूल असू शकते, पण जाळी एकच असते, चिमटे एकत्र वापरले जातात आणि आधीच्या मांसाची चरबी जाळीला लागलेली असते. हे ज्याला चालणार नसेल, त्याने बसण्यापूर्वी दुसऱ्या मेजाची किंवा निदान नव्या जाळीची विनंती करावी. आपली श्रद्धा शांतपणे सांगितली, तर तेथील लोक ती समजून घेतात.

शाकाहारी व्यक्तीने जावे का?

प्रामाणिक सल्ला असा, की फक्त सोबत म्हणून जायचे असेल तर जावे, पण पोटभर जेवणाची अपेक्षा ठेवू नये. कोबी, कांदा, लाल भोपळा, मशरूम, ढोबळी मिरची, मका अशी भाजण्यासाठी कापलेली भाज्यांची ताटली आणि साधा पांढरा भात जवळपास सर्वत्र मिळतो. अडचण न दिसणाऱ्या गोष्टींची असते. किमचीत सुकवलेली कोळंबी किंवा मासळीचे सत्त्व असते, नामुलमध्ये कोंबडीच्या अर्काची पूड असू शकते, सूप हाडांच्या अर्काचे असते आणि सॉसमध्येही मांसाचा किंवा मासळीचा अंश असण्याची शक्यता असते. मीठ आणि लिंबू वेगळे मागून घेतले, तर भाज्या त्यांच्यासोबत खाता येतात. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी आणि जैन आहार पाळणाऱ्यांनी आपले खाणे सोबत ठेवून, ते उपाहारगृहाबाहेर जेवणाआधी किंवा नंतर घ्यावे.

हलाल मांस मिळते का?

विशेष उल्लेख नसेल तर नाही असेच धरावे. शिवाय अनेक सॉसमध्ये ‘मिरिन’ किंवा साके हे मद्य असते.

मागणी कोणत्या क्रमाने करावी?

सुरुवात ‘तान शिओ’, म्हणजे मीठ लावलेल्या जिभेच्या पातळ कापांनी करण्याचा प्रघात आहे. ती लिंबाच्या रसात बुडवून खातात. मिठाचे पदार्थ आधी आणि सॉसमध्ये मुरवलेले नंतर, याचे कारण अगदी व्यावहारिक आहे: सॉस जाळीवर करपून चिकटतो आणि त्यानंतर भाजलेल्या हलक्या चवीच्या मांसाला त्याचा कडवटपणा लागतो. जिभेनंतर ‘रोसु’, म्हणजे पाठीकडचे मांस, किंवा आकामी, मग चरबीयुक्त ‘कारुबी’, ‘हारामी’ आणि शेवटी आतडी, असा क्रम ठेवावा. हारामी दिसायला आणि चवीला साध्या मांसासारखी असली, तरी ती पोट आणि छाती यांमधील पडद्याचा स्नायू असतो आणि जपानमध्ये तिची गणना अंतर्गत अवयवांत होते. पोटाच्या पहिल्या कप्प्याला ‘मिनो’, दुसऱ्याला ‘हाचिनोसु’ आणि तिसऱ्याला ‘सेनमाई’ म्हणतात, तर ‘हात्सु’ म्हणजे हृदय.

सगळे एकदम मागवू नये. ताटल्या मेजावर साचल्या, की मांस कोमट होते, घाईघाईने भाजले जाते आणि निम्म्याची चव जाते. दोन-तीन ताटल्या मागवाव्यात आणि त्या संपल्यावर पुढच्या सांगाव्यात. भात मात्र पहिल्यापासून घ्यावा. मिसोचा सॉस लागलेला काप गरम भातावर क्षणभर टेकवून मग खाणे, हा या जेवणातला मला सर्वांत प्रिय घास आहे.

मांस नीट कसे भाजावे?

जाळी पूर्ण तापू द्यावी, नाहीतर मांस चिकटते. पातळ काप पसरून ठेवावा, वरच्या बाजूवर ओलावा दिसू लागला की एकदाच उलटावा आणि दुसरी बाजू पहिलीपेक्षा कमी वेळ भाजावी. काप सारखा उलटापालटा केल्याने रस निघून जातो. जास्त चरबीचे काप एकाच वेळी टाकले, तर ठिबकणाऱ्या चरबीने ज्वाळा उठतात. अशा वेळी काप कडेला सरकवावेत आणि जाळीवर बर्फाचा खडा ठेवावा. पाणी कधीही ओतू नये. आतड्यांची कातडीकडची बाजू आधी आणि जास्त वेळ भाजावी, चरबीकडची बाजू शेवटी थोडीच. मिसो लावलेली कोंबडी बाहेरून लवकर काळी पडते आणि आत कच्ची राहते, त्यामुळे ती मंद आचेच्या भागात ठेवून वरचेवर हलवत राहावे. जाळी काळी झाली, की ती बदलून मागावी. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

कच्चे किंवा अर्धे कच्चे खाणे सुरक्षित आहे का?

या बाबतीत कोणतीही सवलत घेऊ नये. 2011 च्या वसंतात जपानमधील याकिनिकू दुकानांच्या एका साखळीत कच्चे गोमांस खाल्ल्याने विषबाधा होऊन 5 जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर कच्च्या गोमांसाचे नियम अत्यंत कडक झाले, जुलै 2012 पासून गाईचे कच्चे काळीज देण्यावर बंदी आली आणि 2015 मध्ये डुकराचे कच्चे मांस व काळीज देण्यावरही. कोंबडी, डुकराचे मांस आणि सर्व अंतर्गत अवयव आतपर्यंत शिजलेच पाहिजेत. मांसाच्या मध्यभागी 75 अंश सेल्सिअस तापमान किमान एक मिनिट राहावे, असा तेथील आरोग्य खात्याचा निकष आहे. कच्चे मांस उचलण्याचा चिमटा आणि खाण्याच्या चॉपस्टिक्स वेगळ्याच ठेवाव्यात. गप्पांच्या ओघात हीच चूक सर्वाधिक होते आणि लहान मुले सोबत असतील तर तिचे परिणाम गंभीर होऊ शकतात.

कपड्यांना धुराचा वास लागतो का?

लागतो, पण दुकानागणिक फरक पडतो. धूर मेजाच्या आतच खाली ओढून घेणारी शेगडी 1980 मध्ये नागोयात तयार झाली आणि तिच्यामुळे याकिनिकू कुटुंबांना आणि कार्यालयीन पोशाखातील लोकांना सोयीचे झाले. मात्सुसाकातील जुन्या, विशेषतः कोंबडीच्या, दुकानांत अजूनही धुराने भरलेली खोली अनुभवायला मिळते. कोट आणि पिशव्या झाकून ठेवण्यासाठी जागा असते, कागदी एप्रन मागितल्यास मिळतो. रेशमी साडी किंवा लोकरीचा नवा कोट घालून मात्र जाऊ नये.

खर्च किती येतो आणि पैसे कसे द्यायचे?

एका ताटलीत साधारण 80 ते 100 ग्रॅम मांस असते आणि एका माणसाला 200 ते 300 ग्रॅम पुरते, या हिशेबाने पदार्थपत्रिकेवरून अंदाज बांधता येतो. नामांकित कालवडीचे मांस महाग आहेच, कोंबडीचे याकिनिकू त्याच्या तुलनेत फारच स्वस्त पडते. दुपारच्या ठरावीक थाळीत तेच गोमांस कमी खर्चात चाखता येते. उपाहारगृहात बसून खाल्ल्यास 10 टक्के उपभोग कर लागतो आणि एप्रिल 2021 पासून करासह एकूण किंमत दाखवणे बंधनकारक आहे. टीप देण्याची पद्धत नाही. लहान दुकाने कार्ड घेतीलच असे नाही, म्हणून रोख येन जवळ असावेत. महिन्याच्या 29 तारखेला, 2 आणि 9 या अंकांचा उच्चार ‘नि-कू’ असा होतो म्हणून, अनेक मांसाच्या दुकानांत सवलत असते आणि त्याच शब्दखेळावरून 29 ऑगस्ट हा याकिनिकू दिन ठरला आहे. त्या दिवशी गर्दीही तितकीच असते.

आगाऊ जागा राखून ठेवावी लागते का?

शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांच्या दिवशी निश्चितच ठेवावी. दूरध्वनीवर बहुधा जपानीतच बोलावे लागते, त्यामुळे मुक्काम असलेल्या हॉटेलला विनंती करणे सोपे जाते. महानगरांप्रमाणे येथील दुकाने रात्रभर उघडी नसतात. दुपार आणि संध्याकाळ यांच्यामध्ये स्वयंपाकघर बंद असते आणि शेवटची मागणी दुकान बंद होण्याच्या अर्धा-एक तास आधी घेतली जाते. नववर्षाच्या आणि ऑगस्टच्या मध्यावरील ओबोन या पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाच्या दिवसांत दुकान उघडे आहे का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

तेथे कसे पोहोचायचे? मोटारीने गेलेले बरे का?

किन्तेत्सु कंपनीची जलद गाडी नागोयाहून सुमारे 70 मिनिटांत आणि ओसाकाहून साधारण दीड तासात मात्सुसाकाला पोहोचवते. तिच्यासाठी प्रवासभाड्याशिवाय वेगळे आसनाचे तिकीट लागते. गावाच्या कडेच्या दुकानांसाठी मोटार सोयीची ठरते, पण मग चालकाने बिअरचा एक घोटही घेऊ नये. जपानमध्ये उच्छ्वासाच्या एका लिटरमध्ये 0.15 मिलिग्रॅम मद्यांशालाही शिक्षा होते. मद्य घेतलेल्या चालकाला गाडी देणारा, त्याला मद्य पाजणारा आणि त्याच्यासोबत बसणारा हे सगळेच दोषी ठरू शकतात. मद्य घेतलेच, तर ‘दाइको’ नावाची सेवा दुकानाकडून मागवता येते. दोन चालक येतात आणि एक जण तुमची गाडी तुमच्या मुक्कामी नेऊन पोहोचवतो. मद्यपानाचे किमान वय 20 वर्षे आहे.

जपानी येत नसेल तर कोणती वाक्ये पाठ असावीत?

वाढणाऱ्याला हाक मारण्यासाठी ‘सुमिमासेन’. गोमांस खात नाही हे सांगण्यासाठी ‘ग्यूनिकू वा ताबेमासेन’, आणि डुकराच्या मांसासाठी त्यातच ‘बुतानिकू’. जाळी बदलण्यासाठी ‘आमी ओ काएते कुदासाई’. बिलासाठी ‘ओकाइकेई ओनेगाइशिमासु’. निघताना ‘गोचिसोसामा देशिता’ असे म्हणावे, म्हणजे जेवण उत्तम झाले, आभार. कौंटरमागून त्याला उत्तर येते आणि ते ऐकण्यासाठी दारात क्षणभर थांबावे.

हे मांस विकत घेऊन भारतात नेता येईल का?

नाही. भारतात गोमांसाच्या आयातीला मनाई आहे आणि महाराष्ट्रात 2015 पासून गाईबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. घरच्यांसाठी काही न्यायचेच असेल, तर मिसो न्यावा. मात्र बांधून घेण्याआधी बाटलीवरील घटकांची यादी दुकानातच वाचून घ्यावी, कारण याकिनिकूसाठी तयार केलेल्या काही सॉसमध्ये गोमांसाचा अर्क असतो. साध्या मिसोत आले, लसूण, थोडी साखर आणि तिळाचे तेल घालून कोंबडीला तासभर लावून ठेवले, तर घरच्या शेगडीवरही तो करपलेला खमंग वास बऱ्यापैकी साधतो.